तेवीस तारखेचं पाणी

एक डिसेंबरला केसपेपरच्या पाठीवर
यादी केली होती मी, शहाण्यासारखी.
रवा, डालडा, वेलदोडे. पडद्यांचे हूक.
अनुग्रहचा अंगरखा (सासूबाईंच्या जुन्या चादरीचा).
शाहेदाभाभीला मोठं पातेलं मागायचं.
आणि कॅलेंडरवर निळ्या पेनानं पाण्याचे दिवस:
तीन, तेरा, तेवीस.
जालन्यात आधी नळाचं ठरतं,
मग आपलं.

यादी सतरा तारखेपर्यंत टिकली.
मग खरात सिस्टरची आई अंबडला मोरीत पडली
आणि तिच्या रात्रपाळ्या माझ्याकडे आल्या.
करंज्यांचं सारण फ्रीजमध्ये तसंच.
केसपेपर युनिफॉर्मच्या खिशातून धुण्यात गेला,
लगदा होऊन निघाला.
त्यावर फक्त ‘वेल’ एवढं वाचता येत होतं.

अनुग्रहला चर्चच्या नाटकात सराईवाल्याचं काम आहे.
एकच वाक्य.
‘जागा नाही, पुढे जा!’
घरभर म्हणत फिरतो.
मी फ्रीज उघडते, तो मागून: जागा नाही, पुढे जा!
बीडहून विमलवन्सचा फोन, आम्ही सहा जण येतोय गं,
दोनच रात्री,
त्यानं फोनपाशी तोंड नेऊन तेच.
वन्स हसल्या. जरा थांबल्या.
मग म्हणाल्या, आठ जण.

चोवीसला रात्री गायनमंडळी, तीस तरी,
पेटी, ढोलकी, उपाशी पोरं
आणि कानटोपीतले पाळकसाहेब,
त्यांचा चहा बिनसाखरेचा.
शमुवेल एमआयडीसीतून भट्टीचा वास घेऊन येतो,
म्हणतो, ‘होतंय की सगळं.’
होणं आणि करणं यातला फरक
व्याकरणाच्या तासाला त्याला कुणी सांगितला नसावा.
मी भांडले नाही. भांडायलाही
एक मोकळी संध्याकाळ लागते.

तर आज तेवीस.
नऊला येणारं पाणी पावणेतीनला आलं.
थंडी अशी की तोटी बोटांना चावते.
पाईप जोडला, निळ्या बॅरलमध्ये सोडला,
बादली उपडी घालून बसले, अंगावर गोधडी.
धार करंगळीएवढी.
सोडून उठावं तर पाईप निसटतो
आणि अंगणभर सापासारखा पळतो.
म्हणून बसायचं. धरून.
या महिन्यात पहिल्यांदा
माझे दोन्ही हात एकाच कामाला होते.

दारावर चांदणी. कामट्या शमुवेलनं बांधल्या,
पतंगाचा कागद मी डकवला,
एक टोक वाकडं झालंय, बीडच्या दिशेला.
वन्सना तेच आधी दिसेल.
दिसू दे.

भिंतीपलीकडे शाहेदाभाभी तिच्या नळाशी.
‘पातेला धोके रखी मैं,’ तिनं न विचारताच सांगितलं,
‘पर तळाला एक डाग आहे बघ, वलीम्याचा. जात नाही.’
म्हटलं, राहू दे.
मग दोघी गप्प.
तिची टाकी लोखंडी, तिची धार खणखण,
माझी प्लास्टिकमध्ये दबकी,
जशी झोपलेल्या वॉर्डात नर्स चालते.

मनात पुन्हा यादी मांडायला घेतली,
वेलदोड्यांपाशी अडकले.
उन्हाळ्यात आईनं दिलेली पुडी
मिठाच्या बरणीमागे आहे, हे एकदम आठवलं.
आहे म्हणजे असावी.
उठून बघता येत नव्हतं.
नाही बघितलं.

धारेचा आवाज जाड होत गेला,
मग पायांवर एकदम गार.
बॅरल काठोकाठ.
आत, झोपेत, अनुग्रह खोकला.
‘जागा नाही, पुढे जा,’
बॅरलच्या वतीनं मीच म्हटलं
आणि पाईप उचलून कळशीत सोडला.